जुनी फायबर बोट दुरुस्त करावी का? तपासणी, मोजमाप आणि हिशेब

किनाऱ्यावर उलटी घालून ठेवलेली जुनी फायबर बोट विकत घ्यावी का, किंवा घरचीच बोट पुन्हा कामाला लावावी का, हा प्रश्न कंपोझिट पदार्थांच्या अभ्यासक्रमात येत नाही. किनारपट्टीवरच्या कुटुंबांपुढे मात्र तो दरवर्षी उभा राहतो. त्याचे उत्तर बहुधा बोटीचा रंग पाहून आणि विकणाऱ्याच्या शब्दावर दिले जाते. प्रत्यक्षात हे उत्तर मोजून काढता येते. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक छोटी हातोडी, ड्रिल, व्हर्नियर आणि गावाबाहेरचा वजनकाटा.

या टिपणात आपण ६ ते ८ मीटर लांबीची, उघडी, आउटबोर्ड इंजिनवर चालणारी मासेमारीची बोट डोळ्यांपुढे ठेवू. कोकणापासून केरळपर्यंत आणि तमिळनाडूपासून आंध्र-ओडिशापर्यंत अशा बोटी दिसतात. पूर्व किनाऱ्यावर २००४ च्या त्सुनामीनंतर त्या थोड्या काळात फार मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या. घाईत बांधलेल्या बोटींचा दर्जा सारखा नव्हता. त्यामुळे त्या काळातली बोट समोर आली तर 'सगळ्या अशाच असतात' या समजुतीवर अजिबात विसंबू नये.

काय जुने होते आणि काय होत नाही

काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांचा नीट बांधलेला थर, म्हणजे लॅमिनेट, कुजत नाही, गंजत नाही आणि लाकूड पोखरणारे समुद्री किडे त्याला लागत नाहीत. १९७२ साली पाण्यात उतरलेली एचएमएस विल्टन ही ब्रिटिश नौदलाची सुरुंगशोधक नौका फायबरची होती. नौदलातून निवृत्त झाल्यावर ती इंग्लंडमध्ये एका यॉट क्लबची तरंगती इमारत म्हणून वापरात आली. तेव्हा 'वीस वर्षे झाली, फायबर संपले' हे म्हणणे बरोबर नाही. उन्हाने वरचा जेलकोट पांढरा पडतो, हाताला खडूसारखी पूड लागते, पण हा दोष वरच्या काही दशांश मिलिमीटरपुरताच असतो.

पण आपली बोट नुसत्या फायबरची नसते. इंजिन ज्या मागच्या उभ्या भिंतीवर बसते, त्या ट्रान्समच्या पोटात प्लायवूड असते. तळाला लांबीच्या दिशेने ज्या पट्ट्या असतात, त्या स्ट्रिंगरच्या आत लाकूड किंवा फोम असतो. बाकांखाली आणि नाळेकडच्या बंद कप्प्यांत पॉलियुरेथेन फोम भरलेला असतो. फायबर टिकते आणि हे आतले पदार्थ बिघडतात. पाणी शिरते ते बहुधा बोल्टच्या भोकांतून, पाणी काढायच्या बुचाच्या कडेने किंवा कोणीतरी नंतर ठोकलेल्या स्क्रूमधून. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून या बोटीचे उरलेले आयुष्य किती, हे आपण आतल्या लाकडाला आणि फोमला विचारायचे असते.

ट्रान्सम: इथे जास्त वेळ द्यावा

ट्रान्समवर किती बळ येते ते आधी काढू. ९.९ अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे सुमारे ७.४ किलोवॅट. पंख्याची कार्यक्षमता ५० टक्के आणि वेग ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर धरला, तर रेटा ७.४ × ०.५ ÷ ४.२ = ०.८८ किलोन्यूटन येतो. म्हणजे जवळजवळ ९० किलो वजनाइतका. हा रेटा इंजिनच्या पकडीपासून सुमारे अर्धा मीटर खाली लागतो, म्हणून ट्रान्समवर ४४० न्यूटन-मीटरचे वाकवणारे आघूर्ण सतत असते. लाटेवरून बोट आपटली किंवा पंखा क्षणभर हवेत येऊन पुन्हा पाण्यात बुडाला की याच्या कितीतरी पट झटका बसतो.

हे बळ पेलायला ट्रान्सम सँडविचसारखा काम करतो. बाहेरची आणि आतली फायबरची कातडी ताण आणि दाब घेते, मधले प्लायवूड त्या दोघींना ठरावीक अंतरावर धरून ठेवते आणि कर्तन बळ एकीकडून दुसरीकडे पोहोचवते. प्लाय कुजले की दोन्ही कातड्या सुट्या होतात आणि प्रत्येक जण आपापल्या जाडीवर एकटा लढू लागतो. दोन सुट्या पातळ पत्र्यांची ताठरता आणि त्याच दोन पत्र्यांमध्ये ३६ मिलिमीटरचे अंतर राखलेल्या सँडविचची ताठरता यांत किती फरक पडतो, ते विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे. आकडा पाहिल्यावर ट्रान्समबद्दल वेगळे सांगावे लागणार नाही.

तपासणी तीन पायऱ्यांत होते. इंजिन बसवलेले असेल तर त्याचा खालचा पाय धरून वर-खाली जोर द्यावा आणि दुसऱ्याने ट्रान्सम व बाजूच्या भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यांकडे पाहावे. तिथे हालचाल दिसली किंवा भेगेतून पाणी झिरपले, तर निम्मे उत्तर मिळाले. मग छोट्या हातोडीने किंवा नाण्याने सगळीकडे हलके ठोकत जावे. चांगला भाग खणखणीत वाजतो, थर सुटलेला किंवा कुजलेला भाग दबका, बद्द आवाज देतो. खडूने सीमारेषा आखून घ्यावी. आवाज कुठे बदलतो हे महत्त्वाचे आहे, कारण जाडी बदलली तरी आवाज बदलतो.

तिसरी पायरी निर्णायक आहे आणि विकणाऱ्याला तीच आवडत नाही. ५ मिलिमीटरच्या ड्रिलने ट्रान्समच्या आतल्या बाजूने, खालच्या भागात, पाण्याच्या बुचाजवळ आणि इंजिनच्या बोल्टांखाली तीन-चार भोके घ्यावीत. ड्रिलच्या टोकापासून आतली कातडी आणि प्लाय यांच्या जाडीइतक्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळून खूण करावी, म्हणजे बाहेरची कातडी फुटत नाही. बाहेर येणारा भुसा फिकट, कोरडा आणि कुरकुरीत असेल तर प्लाय ठीक आहे. काळपट, ओला, चिखलासारखा आणि आंबट वासाचा असेल तर ते गेलेले आहे. भोके नंतर इपॉक्सी पुट्टीने बुजवावीत. चार भोकांनाही नकार देणाऱ्या माणसाकडून बोट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आतल्या बाजूला नुकताच दिलेला चकचकीत रंगही संशयास्पदच समजावा.

कुजलेला ट्रान्सम म्हणजे बोट संपली, असे मात्र नाही. आतली कातडी ग्राइंडरने कापून, जुने प्लाय खरवडून काढून, नवे प्लाय इपॉक्सीने चिकटवून त्यावर पुन्हा थर देता येतात. साधारण १ चौरस मीटरच्या ट्रान्समला १८ मिलिमीटर प्लायचे दोन तुकडे लागतात. ४५० ग्रॅम मॅटचे चार थर दिले तर १.८ किलो काच आणि सुमारे ४.५ किलो रेझिन लागते. माल फार नाही, मजुरी आणि धूळ फार आहे. प्लाय घेताना आयएस ७१० हा मानक क्रमांक पाहावा. आयएस ३०३ चे साधे प्लाय स्वयंपाकघराच्या कपाटात चालेल, इथे चालणार नाही. दुकानदार दोन्हींना 'वॉटरप्रूफ' म्हणतो.

ट्रान्सम आणि स्ट्रिंगर दोन्ही कुजले असतील तर गणित बदलते. स्ट्रिंगरपर्यंत पोहोचायला आतली फळी पूर्ण काढावी लागते, तळ आकारात धरून ठेवायला बाहेरून आधार बांधावे लागतात, नाहीतर नवी चौकट वाकड्या तळावर बसते. अशी बोट फुकट मिळाली तरी बहुतेक वेळा महाग पडते.

तळाची जाडी

वाळूवरून रोज ओढल्या जाणाऱ्या बोटीचा तळ झिजतो, विशेषतः मधला कणा आणि मागचा तिसरा हिस्सा. जाडी मोजायला बुचाचे किंवा एखाद्या बोल्टचे भोक उपयोगी पडते. तिथे व्हर्नियर लावता येतो. पॅनेलची वाकण्याविरुद्धची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. मूळ ६ मिलिमीटरचा तळ झिजून ५ झाला, तर (५/६)³ = ०.५८. एक मिलिमीटर गेला आणि ताठरता ४२ टक्के गेली. पातळ तळ लाटेवर धपधप हलतो, त्या हालचालीने स्ट्रिंगरच्या कडेचे सांधे सुटतात, आणि मग तिथून पाणी आत शिरते.

झीज भरून काढता येते. समजा ८ चौरस मीटर तळाला ४५० ग्रॅम मॅटचे दोन आणि ६१० ग्रॅम रोव्हिंगचा एक थर दिला. काच सुमारे १२ किलो, रेझिन सुमारे २३ किलो, जाडीत भर जवळजवळ ३ मिलिमीटर आणि वजनात भर ३५ किलो. मॅटला काचेच्या अडीचपट आणि रोव्हिंगला काचेइतकेच रेझिन धरले आहे. जुन्या पृष्ठभागावरचा रंग, मेण आणि तेल पूर्ण घासून, खालचे लॅमिनेट उघडे केल्याशिवाय नवा थर नीट धरत नाही. जुन्या रंगावर थर चढवणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे, आणि ते अनेक ठिकाणी होताना दिसते.

भेगा पाहताना त्यांचा नमुना पाहावा. एका बिंदूतून चांदणीसारख्या पसरलेल्या भेगा धक्क्याच्या असतात. एका रेषेत समांतर भेगा असतील तर तिथे पॅनेल वारंवार वाकते आहे. भेग जेलकोटपुरती आहे की आत गेली आहे, हे घासल्याशिवाय कळत नाही. लॅमिनेट फुटले असेल तर दुरुस्तीची उतरण १ ला १२ ठेवावी. ६ मिलिमीटर जाडीला प्रत्येक बाजूने ७२ मिलिमीटर. अशा आरपार दुरुस्तीला आणि लाकूड चिकटवायला इपॉक्सी चांगले. पण ते पॉलिएस्टरपेक्षा बरेच महाग असते, आणि साध्या मॅटमधला बाइंडर स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. म्हणून इपॉक्सीबरोबर विणलेले कापड वापरावे.

तळावरच्या फोडांची भीती लोकांना उगाच जास्त असते. सतत पाण्यात उभ्या असणाऱ्या बोटींना, त्यातही उबदार गोड्या पाण्यात, हा त्रास होतो. पाणी जेलकोटमधून झिरपते, आतल्या विद्राव्य घटकांशी मिळून आम्लधर्मी द्रव तयार होतो आणि परासरणाने तिथे आणखी पाणी ओढले जाते. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा वास येतो. रोज वाळूवर चढणारी बोट सुकत राहते, म्हणून तिला फोड कमी. दहा-वीस फोडांवर बोट नाकारू नये.

वजनकाटा आणि फोम

बोट टेम्पोत चढवून वजनकाट्यावर न्यावी, मग टेम्पो रिकामा तोलावा. फरक म्हणजे बोटीचे वजन. त्याआधी अपेक्षित वजन काढून ठेवावे. ७ मीटरच्या एका बोटीचे कवच २६ चौरस मीटर, सरासरी जाडी ६ मिलिमीटर आणि घनता १.५ धरली तर २३४ किलो. बाक, फळी, काठ आणि स्ट्रिंगर यांचे मोजून साधारण १५०, प्लायचे २३, फोमचे १०. एकूण ४२० च्या आसपास. काट्यावर ५५० आले, तर वरचे १३० किलो कुठून आले ते शोधायला हवे. एक तर कोणीतरी जादा थर चढवले आहेत, किंवा बोट पाणी पिऊन बसली आहे.

हा प्रश्न जिवाचा आहे. लाकडी होडी पाण्याने भरली तरी तरंगत राहते. फायबरची घनता पाण्यापेक्षा जास्त, त्यामुळे फोम नसेल तर भरलेली बोट बुडते. वरच्याच बोटीत सुमारे ४०० किलो लॅमिनेट आहे. समुद्राच्या पाण्यात त्याचे उरलेले वजन ४०० × (१ − १.०२५/१.५) = १२७ किलो. इंजिन, नांगर, साखळी यांचे पाण्यातले ४० किलो धरू. म्हणजे १६७ किलो उचलून धरावे लागतील. ०.३ घनमीटर कोरडा फोम जवळजवळ ३०० किलो उचलतो, म्हणजे १३३ किलो शिल्लक राहतात, आणि उलटलेल्या बोटीला धरून चार माणसे पाण्यात तरंगू शकतात. आता यातला ४० टक्के फोम पाण्याने भरला असेल तर उचल १७७ वर येते. शिल्लक जेमतेम १० किलो. बोट वरून तशीच दिसते, तशीच चालते, फक्त उलटली की तिच्यावर कोणाला भिस्त ठेवता येत नाही.

ओला फोम उन्हात ठेवून वाळत नाही. कप्पा उघडून तो काढावाच लागतो. हा खर्च आरंभीच धरावा, 'पुढच्या वर्षी बघू' या यादीत ढकलू नये.

हिशेब

आकडे केवळ उदाहरणासाठी घेऊ. इंजिन दोन्हीकडे सारखेच, म्हणून वगळू. नवे कवच २,५०,००० रुपयांना मिळते आणि १५ वर्षे चालते. जुनी बोट खरेदी आणि दुरुस्ती मिळून १,२०,००० ला पडते आणि ६ वर्षे चालते. साधा भागाकार केला तर नवी वर्षाला १६,६६७ आणि जुनी २०,००० पडते. निम्म्या किमतीत मिळूनही जुनी महाग दिसते.

पण पैसा कर्जाऊ असतो. १२ टक्के व्याजाने १५ वर्षांचा भांडवल-वसुली गुणक ०.१४६८ आहे आणि ६ वर्षांचा ०.२४३२. नवी वर्षाला ३६,७०० च्या आसपास, जुनी २९,२०० च्या आसपास. उत्तर उलटले. जुनी बोट ६ ऐवजी ४ वर्षेच चालली तर गुणक ०.३२९२, म्हणजे वर्षाला ३९,५०० आणि उत्तर पुन्हा उलटते. ५ वर्षांना ते ३३,३०० येते. म्हणजे या उदाहरणात खरा प्रश्न एवढाच उरतो: ही बोट पाच वर्षे नक्की चालेल का? त्याचे उत्तर ड्रिलच्या भुशात आणि वजनकाट्याच्या पावतीवर आहे.

आणखी एक गोष्ट या हिशेबाला पूर्ण फिरवू शकते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना जुनी बोट बदलण्यासाठी साहाय्य देणारा घटक आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. ४० टक्के मिळाले तर नवीचा स्वतःचा भाग १,५०,००० होतो आणि वार्षिक खर्च सुमारे २२,००० वर येतो. तेव्हा दुरुस्तीला हात घालण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. तिथेच बोटीची नोंदणी कोणाच्या नावावर आहे, परवाना चालू आहे का, हेही पाहून घ्यावे. कागद नसलेली बोट कितीही मजबूत असली तरी या हिशेबात बसत नाही.

काम कधी करायचे

यांत्रिक बोटींवरची मासेमारी बंदी पश्चिम किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असते. दुरुस्ती याच काळात उरकण्याचा मोह होतो. कोकण-केरळात तो भर पावसाळा. मॅट हवेतला ओलावा धरते, थर दुधाळ राहतो आणि नीट चिकटत नाही. बंद छप्पर नसेल तर तिथे काम एप्रिल-मेमध्येच घ्यावे आणि बुडालेल्या दिवसांची कमाई खर्चात मांडावी. पूर्व किनाऱ्यावर उलटी अडचण आहे. मे महिन्याच्या दुपारी रेझिन बादलीतच घट्ट होते. सकाळी लवकर काम करावे, थोडे-थोडे मिसळावे, हार्डनर १ टक्क्याच्या जवळ ठेवावा. हार्डनर (एमईकेपी) आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, मगच हार्डनर घालावा. घासताना चांगला मुखवटा हवाच, तोंडाला बांधलेला रुमाल काचेची धूळ अडवत नाही.

नको म्हणायचे ठरले तर

पॉलिएस्टर वितळवून पुन्हा वापरता येत नाही. वाळूत पुरलेली किंवा जाळलेली बोट गावाच्याच अंगावर येते. फ्रान्समध्ये २०१९ पासून उत्पादकांच्या खर्चाने जुन्या करमणुकीच्या बोटी मोडीत काढण्याची व्यवस्था आहे. आपल्याकडे सध्या तरी स्टेनलेसचे बोल्ट, कड्या आणि इंजिनची बैठक काढून घेणे आणि सपाट भाग कापून पाण्याच्या टाकीवर झाकण किंवा शेडला पत्रा म्हणून वापरणे एवढेच हातात राहते.

कॉलेजजवळ अशी बोट मोडली जात असेल तर तळाचे, बाजूचे आणि ट्रान्समचे १० सेंटिमीटरचे चौकोन मागून घ्यावेत. त्यातून काढलेले छोटे तुकडे वाळवून, तोलून मफल भट्टीत ५६५ अंश सेल्सिअसला रेझिन पूर्ण जळेपर्यंत ठेवावेत आणि उरलेली काच पुन्हा तोलावी. नुसत्या मॅटच्या चांगल्या लॅमिनेटमध्ये काच वजनाने ३० टक्क्यांच्या आसपास भरते, रोव्हिंग असेल तर त्याहून जास्त. थर एकेक सुटे करून मोजले की किती मॅट आणि किती रोव्हिंग घातले होते तेही कळते. एकाच बोटीच्या दोन बाजूंचे आकडे वेगळे निघाले तर नवल नाही.